साडेबेचाळीस अंशांवरचा संगम

विस्कॉन्सिन नदी आपल्याच नावाच्या अमेरिकी राज्यातून सुमारे ६९० किलोमीटर वाहत येते आणि प्रेरी डू शीन गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर मिसिसिपीला मिळते. पूर्वेला विस्कॉन्सिनचे वायलुसिंग उद्यान, पश्चिमेला आयोवा राज्याचे पाइक्स पीक उद्यान, दोन्हीकडे सुमारे दीडशे मीटर उंचीचे कडे आणि मध्ये बेटे, चर, दलदल आणि वाळूचा दूरवर पसरलेला गुंता, असे या संगमाचे रूप आहे. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि काठावर उभ्या माणसाला एका नजरेत दिसतात. इथला संगम तसा दिसत नाही. कड्यावरून तो स्पष्ट दिसतो, पण खाली पाण्यात उतरले की कोणता फाटा कोणत्या नदीचा हेच चटकन उमगत नाही. कनूतून म्हणजे वल्ह्याच्या अरुंद, उघड्या होडीतून इथे फिरणाऱ्यांमध्ये हौशी शोधकही असतात. हातात उपग्रहांच्या मदतीने चालणारे यंत्र घेऊन ते आधी ठरवलेल्या बिंदूच्या शोधात निघतात. या खेळाचे नाव जिओकॅशिंग.

खेळाची कल्पना साधी आहे. कोणीतरी एक डबा एखाद्या जागी दडवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि इतरांनी तो शोधायचा. डब्यात एक वही असते. सापडल्यावर तीत नाव आणि तारीख लिहायची, डब्यातली एखादी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसाच परत दडवायचा. बक्षीस नाही, प्रतिस्पर्धी नाही.

खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा, आणि सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे साध्या यंत्राने दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे असू शकत होती. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत जगभरची यंत्रे कितीतरी पटींनी अचूक झाली. ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली, तीत पुस्तके, सॉफ्टवेअर, एक बेचकी आणि डबाबंद बीन्स अशा वस्तू घातल्या आणि जागेचे आकडे इंटरनेटवरच्या एका चर्चागटात कळवले. काही दिवसांतच ती सापडली. ‘जिओकॅशिंग’ हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी सुचवले. सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या डब्यांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा नोंदी ७५ होत्या. आज जगभरात तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

प्रत्येक डब्याला दोन गुणांक दिलेले असतात: एक शोधाच्या अवघडपणाचा, दुसरा वाटेच्या अवघडपणाचा. दोन्ही १ ते ५. वाटेचा गुणांक ५ असेल तर तिथे पोचायला खास साधन लागते, म्हणजे दोर, पाणबुड्याचा पोशाख किंवा होडी. बेटावरचे, दलदलीतल्या झाडावरचे, पाण्यातल्या खांबावरचे डबे या वर्गात येतात. ज्यांनी रस्त्याकडेचे शेकडो डबे शोधले आहेत, त्यांनाही असा एक डबा अख्खा दिवस गुंतवून ठेवतो.

जागेचे आकडे सहसा अंश आणि मिनिटांत देतात, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे १.८५ मीटर. हा संगम उत्तर अक्षांशाच्या ४३ अंशांना अगदी लागून आहे. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे इथे रेखांशाचा तेवढाच भाग पूर्व-पश्चिम सुमारे १.३६ मीटर भरतो. चांगले यंत्र उघड्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरांपर्यंत अचूक असते. कड्याच्या पायथ्याशी मात्र निम्मे आकाश झाकलेले असते आणि उपग्रहांचे संदेश खडकावर आपटून उशिरा पोचतात. तिथे यंत्रावरचा बाण स्थिर राहत नाही. पुराच्या मैदानातली झाडी दाट, त्यामुळे उन्हाळ्यात पानांच्या छताखालीही हेच होते.

याच संगमावर अक्षांश मोजण्याची एक जुनी नोंद आहे. १७ मे १६७३ रोजी फ्रेंच जेझुइट पाद्री झाक मार्केत आणि न्यू फ्रान्समध्ये जन्मलेला, नकाशे काढणारा लुई झोलिये हे पाच सोबत्यांसह सेंट इग्नेसहून निघाले. सात माणसे आणि बर्चच्या सालीच्या दोन कनू. पश्चिमेला एक मोठी नदी आहे असे स्थानिक लोकांकडून त्यांनी ऐकले होते. ती कुठे जाते, प्रशांत महासागराला की मेक्सिकोच्या आखाताला, हे त्यांना पाहायचे होते. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बेमधून ते फॉक्स नदीत शिरले. १० जूनला मास्कूटेन लोकांच्या गावाहून मायामी जमातीचे दोन वाटाडे घेतले. फॉक्स आणि विस्कॉन्सिन या नद्या एका ठिकाणी इतक्या जवळ येतात की होड्या खांद्यावर घेऊन चालत जाता येते. मार्केतच्या रोजनिशीत हे अंतर २,७०० पावले दिले आहे. तिथे आज पोर्टेज नावाचे शहर आहे. पलीकडच्या पाण्यात होड्या सोडल्या, वाटाडे परतले आणि १७ जून १६७३ रोजी हे सातजण मिसिसिपीत आले.

मार्केतने संगमाचा अक्षांश साडेबेचाळीस अंश लिहिला. खरा अक्षांश त्याहून सुमारे अर्धा अंश उत्तरेला, म्हणजे चूक ५५ किलोमीटरांच्या आसपास. त्याच्या आकड्यावर विसंबून संगम शोधायला निघालेला माणूस आजच्या डब्यूक शहरापाशी पोचेल आणि त्याला तिथे विस्कॉन्सिन नदी सापडणार नाही. रेखांश तर त्या काळी अशा प्रवासात नीट मोजताच येत नसे, कारण त्यासाठी दूरच्या ठरावीक जागेची वेळ अचूक सांगणारे घड्याळ लागते आणि तसे घड्याळ अजून बनले नव्हते. तरीही या लोकांच्या मागून दीडशे वर्षे फरच्या व्यापाराच्या होड्या याच वाटेने बिनचूक येत राहिल्या. वाट आकड्यांत साठवलेली नव्हती. ती कड्यांच्या आकारात, फाट्यांच्या क्रमात आणि वाटाड्यांच्या सांगण्यात होती. कनूतून डबा शोधणाऱ्याला आजही या दुसऱ्या माहितीची तितकीच गरज पडते.

त्या प्रवासाची दुसरी एक गोष्ट होडीवाल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मंडळी अर्कान्सा नदीच्या मुखाच्या आसपास जाऊन परतली. पुढच्या वर्षी, १६७४ मध्ये, झोलिये माँट्रियलजवळ पोचला असताना धावत्या पाण्यात त्याची कनू उलटली. सोबतची माणसे बुडाली, त्याची कागदपत्रे आणि नकाशे वाहून गेले. म्हणून मिसिसिपीच्या या प्रवासाची कहाणी मुख्यतः मार्केतच्या नावाने छापलेल्या वृत्तान्तातून उरली आहे. घर नजरेच्या टप्प्यात आले असताना पाणी सर्व काही नेऊ शकते. आज यंत्र, फोन आणि सुके कपडे जलरोधक पिशवीत घालून ती होडीच्या दांड्याला बांधून ठेवतात, ते याचसाठी.

संगमामुळे प्रेरी डू शीनला महत्त्व आले. फर व्यापारी आणि स्थानिक जमाती इथे दरवर्षी जमत. १८१४ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्यात इथल्या किल्ल्यासाठी लढाई झाली. १८१६ मध्ये अमेरिकनांनी फोर्ट क्रॉफर्ड बांधला. विल्यम बोमाँट हा लष्करी डॉक्टर पोटाला बंदुकीची जखम होऊन कायमचे छिद्र राहिलेल्या अलेक्सी सँ मार्तँ या माणसावर पचनाचे प्रयोग करत असे. त्यातले काही प्रयोग याच किल्ल्यात झाले. १८२५ च्या तहात सरकारने डकोटा, ओजिब्वे, सॉक, मेस्क्वाकी, हो-चंक आदी लोकांना बोलावून त्यांच्या प्रदेशांमध्ये हद्दी आखल्या. पुढच्या काही वर्षांत त्याच हद्दींच्या आधारे त्यांच्या हातच्या जमिनी काढून घेणे सोपे गेले.

आजचे पाणी मार्केतने पाहिलेले पाणी नाही. १९३० च्या दशकात मालवाहू बार्जसाठी नऊ फूट खोलीचा मार्ग राखायचे ठरले आणि मिसिसिपीच्या वरच्या भागात धरणे आणि जलपाशांची मालिका उभी राहिली. संगम त्यातल्या दहाव्या धरणाच्या, म्हणजे आयोवातल्या गटेनबर्गच्या धरणाच्या फुगवट्यात येतो. पाणी चढल्याने सखल कुरणे बुडाली, उंचवटे बेटे झाली आणि जुने चर रुंद झाले. विस्कॉन्सिनच्या बाजूला उलट स्थिती आहे. प्रेरी डू सॅकच्या धरणापासून संगमापर्यंतच्या शेवटच्या सुमारे १५० किलोमीटरमध्ये त्या नदीवर एकही धरण नाही. बर्फयुगात वितळत्या हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू ती अजून वाहून नेते आहे. तिच्या पात्रातली वाळूची बेटे प्रत्येक पुरानंतर जागा बदलतात. गेल्या वर्षी ज्या पुळणीवर होडी लावली, तिथे या वर्षी गळ्याइतके पाणी असू शकते. पुळणीच्या कडेला तर एका पावलात तळ सुटतो.

आकडा न हलणारा आणि नदी हलणारी, हा या ठिकाणच्या शोधाचा मूळ पेच आहे. यंत्र सरळ रेषेतले अंतर दाखवते. डबा दोनशे मीटरवर दिसतो, पण मध्ये विलोची झुडपे आणि कमरेइतका चिखल असतो, आणि खरी पाण्याची वाट एक किलोमीटरचा वळसा घेऊन बेटाच्या खालच्या टोकाने जाते. सराईत लोक यंत्र बाजूला ठेवून आधी पाणी पाहतात. पाण्यावर तरंगणारी पाने सरकत असतील तर तो चर पुढे कुठेतरी उघडतो. शेवाळ साचून निवांत असेल तर बहुधा तो बंद आहे. पाण्यावर खाली निमुळता होत जाणारा गुळगुळीत पट्टा दिसला तर तिथे खोली आहे, आणि वर टोक असलेली उलटी खूण दिसली तर पाण्याखाली लाकूड किंवा खडक आहे.

साधारण कनू पाच मीटर लांब असते. पूर्वी बर्चची साल, सिडारच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण आणि डिंकाचे लेपण यांनी ती बनत असे. आता अॅल्युमिनियम, प्लॅस्टिक किंवा केव्हलारची असते. पुढे बसणारा वेग देतो आणि पाण्याखालच्या ओंडक्यांवर नजर ठेवतो. मागे बसणारा दिशा सांभाळतो: प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी वल्ह्याचे पाते थोडे बाहेर वळवतो, नाहीतर होडी हळूहळू दुसऱ्या बाजूला फिरत जाते. प्रवाह ओलांडायचा असेल तर नाळ पलीकडच्या काठाकडे सरळ न धरता प्रवाहाच्या वरच्या दिशेला थोडी तिरकी धरून वल्हवायचे, मग पाण्याची ओढच होडीला आडवी सरकवते. मिसिसिपीच्या मुख्य मार्गात मात्र रेंगाळू नये. तिथून एका टगने ढकललेली पंधरा बार्जची रांग जाते. तिची लांबी तीनशे मीटरांहून अधिक असते आणि तिला पटकन थांबता येत नाही. ती गेल्यावर काठाचे पाणी आधी ओढले जाते आणि मग लाटेने परत येते. काठाला अर्धवट ओढून ठेवलेली होडी तेवढ्यात निघून जाते.

नवख्यांसाठी वायलुसिंग उद्यानाने आडपाण्यातून सुमारे दहा किलोमीटरची कनूवाट आखून ठेवली आहे. तिच्यावर दिशादर्शक पाट्या आहेत आणि ती मुख्य प्रवाहाचा जोर टाळून जाते. प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जॅकेट होडीत असणे कायद्याने सक्तीचे आहे. ते होडीत नव्हे तर अंगावर असावे.

पुराच्या मैदानात डबा ठेवणे हीसुद्धा एक कला आहे. लष्करी वापरातून बाद झालेली, बंदुकीच्या गोळ्यांची रबरी कडेची लोखंडी पेटी सर्वांत टिकाऊ समजली जाते. जमिनीवर ठेवली तर वसंतातला पहिला पूर तिला घेऊन जाईल, म्हणून झाडांच्या बुंध्यांवर मागच्या पुराने सोडलेली मातीची रेघ पाहून तिच्या वर डबा टांगतात किंवा फांदीच्या बेचक्यात बसवतात. इथल्या सिल्व्हर मेपलच्या बुंध्यांवर ही राखाडी रेघ अनेकदा माणसाच्या डोक्याच्याही वर असते. एप्रिल १९६५ च्या विक्रमी पुरानंतर तर प्रेरी डू शीनमध्ये सेंट फेरिओल बेटावरची वस्तीच सरकारने पुढे हळूहळू उंचावर हलवली. शोधणाऱ्यांपैकी एकाने होडी धरून ठेवायची, दुसऱ्याने मुळांना धरून वर चढायचे, असा क्रम असतो. झाकणाचा खटका उघडला की आत झिपच्या पिशवीत वही, पेन्सिलीचा तुकडा, कधी एखादे नाणे, खेळण्यातली मोटार किंवा क्रमांक कोरलेला पत्रा मिळतो. तो क्रमांक नोंदवला की पत्र्याचा डब्याडब्यांतून झालेला प्रवास कळतो. पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते, त्यामुळे पेन्सिलच बरी.

इतक्या मोठ्या परिसरात डबे मात्र वाटतात त्याहून कमी जागी ठेवता येतात, आणि ते योग्यच आहे. मिसिसिपीच्या बाजूची बेटे आणि आडपाणी यांचा मोठा भाग १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अप्पर मिसिसिपी वन्यजीव आणि मत्स्य अभयारण्यात येतो. मिनेसोटातल्या वाबाशापासून इलिनॉयमधल्या रॉक आयलंडपर्यंत, नदीच्या सुमारे ४२० किलोमीटर लांबीवर ते पसरले आहे. अशा संघीय अभयारण्यात वस्तू सोडून जाण्यास मनाई आहे. राज्याच्या उद्यानात परवानगी घेऊन डबा ठेवता येतो. खेळाचे स्वतःचेही नियम आहेत: डबा पुरायचा नाही, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे आणि जमिनीच्या मालकाची संमती हवी.

खड्डा न खणण्याच्या नियमाला या संगमावर विशेष अर्थ आहे. दोन्ही काठांच्या कड्यांवर मातीचे प्राचीन उंचवटे आहेत. काही गोल, काही लांबट, काही अस्वलाच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे. संगमाच्या थोडे उत्तरेला, आयोवातल्या एफिजी माउंड्स राष्ट्रीय स्मारकात असे दोनशेहून अधिक उंचवटे राखले आहेत. त्यातले मोठे अस्वल सुमारे ४२ मीटर लांब आहे आणि उंच मात्र जेमतेम एक मीटर, त्यामुळे गवत वाढल्यावर नवख्या माणसाला ते जमिनीचा साधा फुगीर भाग वाटते. प्राण्यांच्या आकाराचे हे उंचवटे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे आहेत. अनेक उंचवट्यांत दफने आहेत आणि हो-चंक, आयोवे यांसारख्या लोकांसाठी ही पूर्वजांची पवित्र भूमी आहे. तिथे डबा ठेवणे तर सोडाच, डब्याच्या शोधात पाय टाकणेही अनुचित आहे. आकडे उंचवट्याकडे नेत असतील तर आकड्यात चूक आहे असे समजून मागे फिरावे.

म्हणूनच या संगमाला सर्वांत साजेसा प्रकार म्हणजे डबाच नसलेला अर्थकॅश. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या सहकार्याने २००४ मध्ये तो सुरू झाला. यात दिलेल्या बिंदूवर जायचे, समोरचा भूभाग पाहायचा आणि त्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे कळवायची. मागे काहीच ठेवायचे नाही. पाहण्यासारखे इथे भरपूर आहे. हा भाग हिमनद्यांच्या थराखाली सपाट न झालेल्या प्रदेशात मोडतो, म्हणून कडे आणि खोल दऱ्या शिल्लक राहिल्या. कड्यांमधल्या डोलोमाइट खडकाच्या थरांना भूशास्त्रात प्रेरी डू शीन गावाचेच नाव आहे.

सर्वांत विलक्षण प्रश्न नदीच्या दिशेचा आहे. नदीची दरी सहसा मुखाकडे रुंद होत जाते. विस्कॉन्सिनच्या खालच्या भागात उलट दिसते: वर कित्येक किलोमीटर रुंद असलेली दरी मुखाजवळ अरुंद होते. काही उपनद्या प्रवाहाच्या उलट्या दिशेला तोंड करून मिळतात. ब्रिजपोर्टजवळ कड्याला चिकटून उरलेल्या जुन्या पात्राच्या खडकाळ पायरीचा उतार पश्चिमेला नसून पूर्वेला आहे. या पुराव्यांवरून विस्कॉन्सिनच्या भूशास्त्र सर्वेक्षणातले एरिक कार्सन आणि त्यांचे सहकारी या निष्कर्षाला आले की एके काळी नदी इथून पूर्वेकडे, सेंट लॉरेन्सच्या दिशेने वाहत असे. हिमस्तरांनी तिची पूर्वेची वाट अडवली, पाणी तुंबले, संगमाच्या दक्षिणेकडची डोंगरधार ओलांडून ते खाली उतरले आणि नदी उलटी फिरली. त्या प्राचीन नदीला त्यांनी वायलुसिंग असेच नाव दिले आहे. होडी बांधून, हातातल्या नकाशाशी उपनद्यांची तोंडे ताडून पाहणाऱ्याला यातला बराच भाग स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतो.

शोधाला बरा काळ म्हणजे जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळून पाणी चढलेले आणि जीवघेणे थंड असते. जुलै-ऑगस्टमध्ये डास आणि विषारी आयव्ही यांचा त्रास होतो, पण पाणी उतरून पुळणी उघड्या पडतात. शरद ऋतूत हजारो बदके आणि हंस आडपाण्यात उतरतात; तेव्हा अभयारण्याने विश्रांतीसाठी राखलेल्या पाण्यापासून दूर राहावे लागते आणि शिकारीचा हंगाम असल्याने भडक रंगाचे कपडे घालावे लागतात. हिवाळ्यात आडपाणी गोठते आणि बेटावरच्या डब्यांपर्यंत चालत जाण्याचा मोह होतो. निवांत चरांवर बर्फ जाड असला तरी दोन प्रवाह जिथे एकत्र येतात तिथे खालचे पाणी धावत राहते आणि वरचा बर्फ पातळ असतो. तेवढ्या जागेपुरते मार्चनंतर पाणी मोकळे होईपर्यंत थांबावे.